सरोवराच्या कांठावरचा मुक्काम

इ. स. १८८६ च्या जुलै महिन्यांत अमेरिकेंतील ऑरेगन राज्यांत, एका उंच पर्वताच्या माथ्यावर, सरकारी भूमापन खात्याची एक तुकडी तंबू ठोकून राहिली होती. तिच्या सामानांत 'क्लीटवुड' नांवाची एक होडी होती. समुद्रसपाटीपासून सात हजार फुटांवर होडीचें काय काम, असें कोणासहि वाटावें. परंतु पोर्टलंडहून ॲशलंडपर्यंत आगगाडीनें व तेथून सुमारें शंभर मैल घोड्यांच्या गाडीवरून आणलेली ही नाव आतां जवळजवळ नऊशें फुटांच्या कड्यावरून दोरांच्या आधारें खालीं सोडावयाची होती. खालीं पसरलेलें होतें निळ्याभोर पाण्याचें 'क्रेटर लेक', म्हणजे विवर-सरोवर.

आपल्याकडे लोणारचें सरोवर प्रसिद्ध आहे. तें उल्कापातानें पडलेल्या खळग्यांत सांचलेलें आहे. क्रेटर लेकचा जन्म निराळा. सुमारें ७,७०० वर्षांपूर्वीं येथील ज्वालामुखीचा प्रचंड स्फोट झाला. पोटांतील रस बाहेर पडून गेल्यावर पर्वताचा माथा निराधार होऊन आंत कोसळला. त्या खोल कढईंत शतकानुशतकें पावसाचें आणि बर्फाचें पाणी सांचत गेलें. या सरोवराला एकहि नदी मिळत नाहीं आणि त्यांतून एकहि नदी निघत नाहीं. जितकें पाणी पडतें, तितकेंच वाफ होऊन व झिरपून जातें. म्हणूनच त्या पाण्यांत शंभर फुटांपर्यंत दृष्टि पोहोंचते.

हा उत्पात मनुष्यानें डोळ्यांनीं पाहिला होता. क्लॅमथ लोकांच्या परंपरागत कथेंत पाताळाचा स्वामी लाओ आणि ऊर्ध्वलोकाचा स्वामी स्केल यांचें घनघोर युद्ध होतें व त्याच्या अखेरीस पर्वत खचतो. ही केवळ कविकल्पना नव्हे, असें मानण्यास १९३८ सालीं आधार सापडला. ल्यूथर क्रेसमन या संशोधकानें फोर्ट रॉक येथील गुहा खणली, तेव्हां याच पर्वताच्या राखेच्या थराखालीं झाडाच्या सालीच्या विणलेल्या चपला निघाल्या. राख पडण्यापूर्वींच त्या प्रदेशांत माणसें वावरत होतीं, हें त्यावरून सिद्ध झालें. क्लॅमथांना हें स्थान पवित्र व भयप्रद वाटे. तेथें मुक्काम करावयाचा तो साधकानें, दिव्य दर्शनासाठीं.

ता. १२ जून १८५३ रोजीं जॉन वेस्ली हिलमन नांवाचा एक गोरा तरुण सोन्याच्या खाणीच्या शोधांत भटकत येथें आला. त्याच्या खेचरानें कड्याच्या टोंकाशीं पाय रोवले, आणि खालचें पाणी त्याच्या नजरेस पडलें. पण सोनें नाहीं, तर सरोवराचें काय करावयाचें? ती बातमी लवकरच विसरली गेली. पुढें १८६४ च्या तहानें क्लॅमथ व त्यांच्या शेजारच्या जमातींनीं आपला विस्तीर्ण मुलूख सरकारला तोडून दिला. त्यांत हें सरोवरहि गेलें. आजचें नांव तर १८६९ सालीं एका वृत्तपत्राच्या संपादकानें ठेवलें.

या सरोवराचा खरा कैवारी विल्यम ग्लॅडस्टोन स्टील. शाळकरी वयांत, १८७० सालीं, कॅन्ससमध्यें एका वर्तमानपत्राच्या कागदावर आपण या सरोवराचें वर्णन प्रथम वाचलें, असें तो सांगे. १८८५ सालीं त्यानें तें प्रत्यक्ष पाहिलें आणि तेव्हांपासून त्याला दुसरें वेड राहिलें नाहीं. १८८६ च्या त्या मोजणींत कॅप्टन क्लॅरेन्स डटन प्रमुख होता व खोली घेण्याचें काम स्टीलकडे होतें. पियानोच्या तारेला वजन बांधून त्यांनीं १६८ ठिकाणीं तळ शोधला. सर्वांत मोठी खोली भरली १,९९६ फूट. आधुनिक उपकरणांनीं ती १,९४३ फूट ठरली आहे. एका साध्या तारेची चूक अवघी पन्नास-एक फुटांची!

यानंतर सोळा वर्षें स्टील अर्ज-विनंत्या करीत राहिला. मेंढपाळांना तेथील कुरणें हवीं होतीं आणि लांकडाच्या व्यापाऱ्यांना तेथील अरण्य. १८९६ सालीं 'मॅझामाज' या गिर्यारोहक मंडळानें कांठावर तळ ठोकून त्या नष्ट पर्वताला 'मॅझामा' हें नांव दिलें. तळावरील त्या मेळाव्यानें लोकांचें लक्ष वेधलें. अखेर ता. २२ मे १९०२ रोजीं अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांची सही होऊन सरोवर व भोंवतालचा प्रदेश राष्ट्रीय उद्यान झाला.

परंतु रक्षणकर्त्याच्या हातूनहि अपाय घडतो. ज्या पाण्यांत मूळचा मासाच नव्हता, त्यांत स्टीलनेंच १८८८ सालीं माशांचीं पिलें आणून सोडलीं. कड्यावर उतरणाऱ्या प्रवाशाला गळ टाकण्याची मौज मिळावी, हा हेतु. पुढें त्या माशांना खाद्य म्हणून १९१५ सालीं झिंगे सोडण्यांत आले. मासे सोडण्याचें काम १९४१ सालीं थांबलें, पण झिंगे थांबले नाहींत. आज ते बहुतेक सर्व किनाऱ्यावर पसरले असून, जगांत केवळ याच सरोवरांत आढळणारा मॅझामा न्यूट हा सरड्यासारखा दिसणारा लहानसा उभयचर प्राणी त्यांच्यामुळें नाहींसा होण्याच्या वाटेवर आहे. स्टील १९३४ सालीं वारला. आपल्या कौतुकाचें हें फळ त्याला पाहावें लागलें नाहीं.

आरंभींचे प्रवासी थेट कांठावर राहुट्या ठोकीत, तेथेंच चुली पेटवीत. आज गाडीनें येणाऱ्यांचा मोठा तळ कांठापासून सुमारें सात मैल दूर, झाडींत आहे. हिवाळ्यांत तेथें चाळीस फुटांहून अधिक बर्फ पडतें, म्हणून तंबूंचा हंगाम उन्हाळ्यापुरताच. पहांटे तळ सोडून कांठावर आलेल्या प्रवाशाला तेंच निळें पाणी दिसतें. पाहून झालें कीं त्यानें मागें फिरावयाचें असतें. डोळे भरून पाहावें, पाण्यांत कांहीं टाकूं नये व तेथून कांहीं नेऊं नये, ही शिस्त तेथें फार उशिरां आली. क्लॅमथ साधक मात्र त्या कांठावर प्रथमपासूनच भीतभीत पाऊल टाकीत असे.