मागच्या चाकांचे ब्रेक आणि भिवंडीचा आग्रा रस्ता

सुरुवातीच्या मोटारींना ब्रेक असत ते फक्त मागच्या चाकांना. पुढच्या चाकांना ब्रेक लावला तर गाडी घसरेल, सुकाणू हातात राहणार नाही, अशी भीती कारागिरांना वाटे. ती पुरती गेली १९२०च्या दशकात, तेव्हा चारही चाकांना ब्रेक आले. मागच्या चाकांवरची रचना मात्र फारशी हलली नाही. चाकाबरोबर फिरणारा पोकळ ड्रम आणि आतून त्यावर दाबले जाणारे दोन अर्धचंद्राकृती शू, ही मांडणी १९०२च्या सुमारास फ्रान्समध्ये लुई रेनोच्या कामातून रुळली. आज भिवंडीत एखाद्या गॅरेजात मागचे चाक उतरवले तर आत बहुधा तिचाच वंशज दिसतो.

शूवरच्या लायनिंगची, म्हणजे ड्रमला घासणाऱ्या पट्टीची, गोष्ट भिवंडीसारख्या विणकरांच्या गावाला जवळची आहे. इंग्लंडच्या डार्बीशायरमधल्या हर्बर्ट फ्रूडने पाहिले, की उतारावर गाडीवान चाकाला जुने बूट दाबून घोडागाडी आवरतात. त्यावरून १८९७ साली त्याने सुती पट्ट्याला राळ पाजून ब्रेकचे लायनिंग केले. म्हणजे पहिले चांगले लायनिंग मागावरून उतरलेले कापडच होते. पण वेग वाढला तशी उष्णता वाढली, सूत जळू लागले आणि १९०८च्या सुमारास त्याच्या जागी अॅस्बेस्टॉसचे सूत आले. फ्रूडच्या कंपनीचे नाव फेरोडो. स्वातंत्र्यानंतर घाटकोपरला हिंदुस्थान फेरोडोचा कारखाना निघाला आणि लायनिंग मुंबईतच तयार होऊ लागले.

भिवंडी या गोष्टीत येते ती मुंबई–आग्रा रस्त्यामुळे. जुना रस्ता ठाण्याहून कशेळीची खाडी ओलांडून अंजूरफाट्याने गावात शिरे आणि पडघ्यामार्गे कसाऱ्याच्या घाटाकडे जाई. यंत्रमागांचे सूत आणि कापड याच वाटेने ट्रकवर चढले. पुढे मुंबईची जकात चुकवणारी गोदामे मानकोली, काल्हेर, पूर्णा या पट्ट्यात उभी राहिली, आणि २०१७ला जीएसटी आल्यावर त्यांची संख्या आणखी वाढली. जिथे ट्रक थांबतात तिथे पंक्चरवाला, कमानवाला आणि ब्रेकवाला येतोच.

ट्रकच्या बाबतीत मागच्या ब्रेकला जे महत्त्व आहे ते मोटारीच्या मागच्या ब्रेकला नाही. मोटारीत ब्रेक दाबताच वजन पुढे झुकते, म्हणून बहुतेक काम पुढची चाके करतात. मागचे लायनर त्यामुळे जास्त टिकतात. भरलेल्या ट्रकचे वजन मात्र मुख्यतः मागच्या धुरेवर असते. घाट उतरताना चालकाने पायाखाली ब्रेक धरूनच ठेवला तर ड्रम तापून फुगतो, लायनिंगची पकड सुटते आणि पेडल दाबूनही गाडी ऐकत नाही. हे टाळायचे तर खालच्या गिअरमध्ये राहणे हाच खरा उपाय. घाटाच्या तोंडाशी लावलेल्या पाट्या तेच सांगतात.

मोटारींचा इतिहास वेगळा. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना १९४४ची. १९५४पासून तिथे फियाट ११०० निघू लागली आणि १९७४ला तिचे नाव प्रीमियर पद्मिनी झाले. चारही चाकांना ड्रम असलेली ही गाडी मुंबईची टॅक्सी झाल्याने तिचे सुटे भाग गल्लोगल्ली मिळू लागले. मद्रासच्या स्टँडर्ड मोटर्सने १९६१पासून दशकभर हेराल्ड ही मोटार काढली. इंग्लंडात याच हेराल्डच्या सांगाड्यावरून बेतलेली ट्रायम्फ स्पिटफायर ही स्पोर्ट्स कार १९६२ला आली. पुढे डिस्क, मागे ड्रम. त्यामुळे स्पिटफायरचा मागचा ब्रेक उघडला, तर हेराल्ड हाताळलेल्या मिस्त्रीला त्यात अनोळखी काही सापडू नये.

मागच्या ब्रेकचे लायनर बदलण्याचे काम दिसायला साधे आहे. पुढच्या चाकांना दगड लावायचे, हँडब्रेक सोडायचा, चाक काढायचे. जुना ड्रम सहसा जागेवरच धरलेला असतो. त्याला हातोडीने हलके ठोकावे लागते, जोरात ठोकले तर तडा जाऊ शकतो. कोणती स्प्रिंग कुठल्या भोकात होती हे नीट पाहून ठेवल्याशिवाय शू काढू नयेत, कारण जागा चुकली तर ब्रेक नीट सुटणार नाही. जुने लायनर छिन्नीने उडवून नवे तांब्या-पितळेच्या रिव्हेटने बसवतात. रिव्हेटचे डोके लायनिंगच्या पृष्ठभागाखाली राहिले नाही तर ते ड्रमला चर पाडते. चर खोल असतील तर ड्रम लेथवर चढवतात. व्हील सिलिंडर गळत असेल तर त्यातली रबरी वॉशर बदलायची. त्यात साधे इंजिन ऑइल गेले तर रबर फुगते आणि सगळेच काम वाया जाते. शेवटी लाइनमधली हवा काढायची, मास्टर सिलिंडरपासून सर्वात लांबच्या चाकापासून सुरुवात करून.

या कामात एक गोष्ट वर्षानुवर्षे चुकीची चालली: ड्रममधली धूळ तोंडाने फुंकणे किंवा हवेच्या पाइपने उडवणे. ती धूळ अॅस्बेस्टॉसची असे. २७ जानेवारी १९९५च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अॅस्बेस्टॉस कारखान्यांतील कामगारांच्या आरोग्याची नोंद नोकरी लागल्यापासून ४० वर्षे किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षे, यांपैकी जे उशिरा संपेल तोवर ठेवण्याचा आदेश दिला. रस्त्याकडेच्या गॅरेजातल्या पोऱ्याची अशी नोंद ठेवायला मात्र तिथे कारखानाच नव्हता. ओल्या फडक्याने धूळ पुसणे हा बिनखर्ची उपाय त्याला कोणी शिकवला तर शिकवला.

ऑक्टोबर २०२३मध्ये मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची रस्त्यावर धावण्याची २० वर्षांची मुदत संपली. फियाटचे लायनर त्यानंतर हौशी मालकांसाठीच उरले. ट्रकवर हवेचे ब्रेक आले, तरी बहुतेकांच्या मागच्या चाकात ड्रम आणि शू आहेतच. फक्त शू आता तेलाच्या दाबाऐवजी हवेने फिरणाऱ्या कॅमने उघडतात. प्रीमियरनेही १९८५च्या ११८ एनई मोटारीला पुढे डिस्क दिली आणि मागे ड्रमच ठेवला. स्वस्तातल्या बहुतेक भारतीय मोटारी आजही तसेच करतात, कारण ड्रम कमी खर्चात बनतो आणि हँडब्रेकची केबल त्याला सहज जोडता येते.