‘किमान’ या शब्दाच्या दोन बाजू : लॉजिक चिपच्या आउटपुट व्होल्टेजचे वाचन

‘पेरिप्लस’ या इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ग्रीक ग्रंथात पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचे मोठे नगर असल्याचे म्हटले आहे. हे नगर कोणते, याविषयी जुन्नर, धारूर अशी मते मांडली गेली. १९०१ मध्ये जे. एफ. फ्लीट यांनी ते धाराशिव जिल्ह्यातील तेर होय असे दाखविले. पैठण ते तेर हे सरळ अंतर सुमारे १५० किलोमीटर, म्हणजे दिवसास अवघे १५ किलोमीटर. परंतु माल गाड्यांवरून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून जाई असे तोच ग्रंथ सांगतो. ही अट जमेस धरली म्हणजे ‘दहा दिवस’ या आकड्याचा अर्थ लागतो. आकडा आणि अट यांचे हे नाते विसाव्या शतकातील एका अत्यंत रूक्ष लेखनप्रकारात, चिपच्या डेटाशीटमध्ये, पुन्हा अभ्यासावयास मिळते.

टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने १९६४ मध्ये ५४०० ही मालिका आणि १९६६ च्या सुमारास तिची स्वस्त ७४०० ही आवृत्ती बाजारात आणली. एका कारखान्याची चिप दुसऱ्या कारखान्याच्या चिपशी जोडावयाची, तर उभयतांमधील करार कागदावरच असावयास हवा. ७४०० च्या कागदावर ‘उच्च’ आउटपुट किमान २.४ व्होल्ट आणि ‘नीच’ आउटपुट कमाल ०.४ व्होल्ट असे लिहिलेले असते. इनपुटसाठी हेच आकडे अनुक्रमे २.० आणि ०.८ आहेत. ‘किमान’ हा शब्द दोन्हीकडे एकच. पण आउटपुटच्या ओळीत तो उत्पादकास बांधतो, इनपुटच्या ओळीत वापरणाऱ्यास. या लेखनात क्रियापद नसल्यामुळे कर्ता कोण हे वाचकानेच ओळखावे लागते. दोन वचनांमध्ये उरलेले ०.४ व्होल्ट हे विद्युत्-गोंगाटासाठी राखलेले अंतर होय.

वचनाची अट शेजारच्या स्तंभात असते. २.४ व्होल्टचे वचन पुरवठा ४.७५ व्होल्टपर्यंत उतरला असता, इनपुट ०.८ व्होल्ट या शेवटच्या कडेवर असता आणि आउटपुटमधून ०.४ मिलिअँपिअर प्रवाह घेतला असता पाळले जाते. ०.४ व्होल्टचे वचन १६ मिलिअँपिअर शोषून घेत असतानाचे आहे. हे आकडे मनमानी नव्हेत : प्रत्येक इनपुट उच्च स्थितीत ४० मायक्रोअँपिअर घेते आणि नीच स्थितीत १.६ मिलिअँपिअर बाहेर सोडते. त्यांस दहाने गुणले की हेच आकडे मिळतात. एका गेटने दहा गेट चालवावेत, ही अपेक्षा त्यांत दडलेली आहे.

त्याच तक्त्यात ३.४ व्होल्ट असा ‘टिपिकल’ आकडाही असतो. त्यास मराठीत ‘सरासरी’ म्हणणे चुकीचे. ‘सामान्यतः आढळणारे’ म्हणावे. त्यात आश्वासन कोणतेच नाही. मीटरवर तो दिसतो म्हणून विद्यार्थी त्यावर विसंबतो, आणि चिपांचा दुसरा गठ्ठा आला की यंत्र अडते.

ऋण चिन्हाने गोंधळ आणखी वाढतो. चिपमधून बाहेर जाणारा प्रवाह ऋण लिहिण्याचा संकेत असल्यामुळे वरील ०.४ मिलिअँपिअर कागदावर −०.४ होतो. मोटोरोलाच्या १९७१ मधील १०,००० मालिकेत तर व्होल्टेजही ऋण : २५ अंशांवर ‘उच्च’ आउटपुट किमान −०.९६० आणि कमाल −०.८१० व्होल्ट. येथे ‘किमान’ बीजगणिताच्या अर्थाने घ्यावयाचे आहे. चिन्ह वगळून केवळ परिमाण पाहणाऱ्यास तक्ता उलटा छापल्यासारखा भासतो.

पुढे १९८० च्या दशकारंभी आलेल्या ७४एचसी मालिकेत एकाच आउटपुटसाठी दोन ओळी आल्या. पुरवठा ४.५ व्होल्ट आणि तापमान २५ अंश असता, २० मायक्रोअँपिअर प्रवाहास किमान ४.४ व्होल्ट, ४ मिलिअँपिअरला ३.९८. पहिलीच ओळ वाचून दिवा जोडणारा फसतो. तिचे इनपुट मात्र त्याच पुरवठ्यावर किमान ३.१५ व्होल्ट मागते. ७४०० ने वचन दिले आहे २.४ चे. प्रत्यक्षात ३.४ मिळत असल्याने अशी जोडणी टेबलावर बहुधा चालते, आणि हाच तिचा धोका. यास्तव ७४एचसीटी हा भेद निघाला. त्यात आउटपुट जवळजवळ तसेच ठेवून इनपुटची मागणी २.० व्होल्टवर आणली गेली.