पाण्याची रेघ

फळ्यावर पाणी काढायचे म्हणजे मी चार नागमोडी रेघा ओढतो. यंदा सुटीआधी एका मुलाने विचारले, "गुरुजी, हे हलत का नाही?"

हाच प्रश्न अमेरिकेतील चित्रकार विन्सर मॅके यांच्यापुढे होता. ७ मे १९१५ रोजी जर्मन पाणबुडीच्या माऱ्याने 'लुसिटानिया' हे जहाज आयर्लंडजवळ अवघ्या १८ मिनिटांत बुडाले. सुमारे १२०० माणसे गेली. त्या प्रसंगाचे चित्रण कोणापाशीच नव्हते. मॅकेंनी ते हाताने काढावयाचे ठरविले. पारदर्शक सेल्युलॉइडवर लाटा निराळ्या, जहाज निराळे, अशी सुमारे २५,००० चित्रे काढता काढता जवळजवळ दोन वर्षे लोटली, आणि १९१८ साली चित्रपट पडद्यावर आला.

त्यातले मर्म एवढेच, की लाट कोणत्याही एका चित्रात नसते; ती एका चित्राच्या आणि पुढच्या चित्राच्या फरकात असते. धुराचेही तसेच.

चित्रपटाच्या शेवटी एक माता तान्ह्या बाळासह पाण्याखाली जाते. ते सारे कागदी आहे हे ठाऊक असूनही छाती दडपते.

हल्ली फळ्यावर पाण्याची रेघ ओढताना माझा हात क्षणभर थबकतो.