रिपेअर कॅफे म्हणजे काय? मिक्सर भंगारात देण्याआधी हे वाचा

मिक्सर बंद पडला की घरात नव्याचीच चर्चा सुरू होते. जरा थांबा. बहुतेक मिक्सरच्या तळाशी एक छोटं बटण असतं. भार जास्त झाला की ते सुटतं आणि मोटर बंद होते. प्लग काढा, मोटर थंड होऊ द्या, बटण दाबा. मोटर फिरतेय पण पातं नाही? मग कपलर झिजला असेल. पंखा हळू फिरतोय? बहुधा कपॅसिटर गेला.

हे शेजारी बसवून शिकवणारी जागा म्हणजे रिपेअर कॅफे. स्वयंसेवक अवजारं आणतात, तुम्ही वस्तू. वस्तू ठेवून निघून जायचं नाही, सोबत बसायचं. मजुरी नाही, सुटा भाग लागला तर खर्च तुमचा. डच पत्रकार मार्टिन पोस्टमा यांनी २००९ मध्ये ॲमस्टरडॅमला पहिला कॅफे भरवला. बंगळुरूत २०१५ पासून असे कॅफे भरू लागले.

अवसरी बुद्रुकला हे जमेल? शेजारच्या अवसरी खुर्दला शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, म्हणजे शिकणारे हात जवळच आहेत. मंचरच्या दुरुस्तीवाल्याच्या पोटावर पाय येईल, ही शंका मात्र रास्त आहे. माझ्या मते त्यालाच मानधन देऊन बोलवावं. त्याच्याइतका हात कुणाचा बसलाय?

कंपन्यांची दुरुस्तीची माहिती एका जागी मिळावी म्हणून केंद्राने डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं. तक्रारीसाठी ग्राहक हेल्पलाइन १९१५.

आणि मायक्रोवेव्ह घरी उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा दाब शिल्लक राहू शकतो.