तीन बंदुका आणि दोनाचा कायदा

२०२० सालच्या पावसाळ्यात आमच्या घरी तीन बंदुका होत्या आणि कायद्यानं दोनच ठेवता येणार होत्या. हत्यार कायद्यात डिसेंबर २०१९ मध्ये दुरुस्ती झाली. आधी एका परवानेदाराला तीन बंदुका ठेवता येत, त्या दोनावर आल्या. वारसानं आलेल्या बंदुकांनाही तोच नियम. जादाची बंदूक वर्षाच्या आत पोलीस ठाण्यात नाहीतर परवानाधारक दुकानदाराकडं जमा करायची. म्हणजे आम्हाला मुदत १३ डिसेंबर २०२० पर्यंत.

कुठली द्यायची, यावरून घरात पाच महिने बोलाचाली चालली. या तीन बंदुकांत आमच्या घराच्या तीन पिढ्या आहेत, म्हणून ती हकीकत लिहून ठेवतो.

आमचा आजरा तालुका. निम्मा डोंगर, निम्मी भातशेती. पूर्वी आजरे महाल इचलकरंजी जहागिरीत आणि जहागीर कोल्हापूर संस्थानात. पहिली बंदूक त्या काळातली, माझ्या आज्ज्याची. ठासणीची. नळीच्या तोंडातनं दारू ओतायची, वर चिंध्या घालून गजानं ठासायचं, मग छर्रे, परत चिंध्या. मागं निपलावर केप बसवायचा आणि मग बार. एक बार काढायला एवढा खटाटोप. तोवर डुक्कर शेजारच्या गावात पोचलेलं असायचं. भर पावसात दारू ओली झाली की बंदूक म्हणजे नुसती काठी. तिच्या कागदाची मोडीतली घडी अजून पत्र्याच्या पेटीत आहे. मला मोडी वाचता येत नाही, पण शिक्का दिसतो.

शेतकऱ्याच्या बंदुकीला कागद लागायला लागला त्यालाही इतिहास आहे. आमच्या शेजारच्या गडहिंग्लज तालुक्यात सामानगड आहे. १८४४ साली तिथल्या गडकऱ्यांनी बंड केलं. पिढ्यान्‌पिढ्या गड राखणारी ही माणसं, त्यांची वतनं आणि हक्क काढायला सुरुवात झाली म्हणून उठली. पुढं ३१ जुलै १८५७ ला कोल्हापुरात २७ नंबरची पलटण उठली. त्यानंतर इंग्रजाला आपल्या माणसाच्या हातातलं हत्यार नकोच झालं. १८७८ मध्ये लॉर्ड लिटनच्या वेळी हत्यारांचा कायदा आला. हिंदी माणसाला परवाना सक्तीचा आणि गोऱ्याला सूट. काँग्रेसच्या सुरुवातीच्या अधिवेशनांतसुद्धा या कायद्याविरुद्ध ठराव झाले. स्वातंत्र्यानंतर १९५९ चा कायदा आला. त्यात गोरा-काळा भेद गेला, पण परवाना राहिला. तो राहायलाच पाहिजे असं माझं मत आहे. भाऊबंदकीच्या गावात बिनपरवान्याची बंदूक म्हणजे काय, हे शेतकऱ्याला सांगायला नको.

दुसरी बंदूक दुनळी, बारा बोअरची. आज्ज्याचा चुलतभाऊ बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीत होता. तो पेन्शनीत आल्यावर त्यानं ती घेतली आणि त्याला मूलबाळ नसल्यानं ती आमच्याकडं आली. बारा बोअर म्हणजे काय, हे मला बरीच वर्षं ठाऊक नव्हतं. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या, तर त्यातली एक जेवढ्या जाडीची तेवढी नळी. म्हणून आकडा जेवढा लहान तेवढी नळी मोठी. बाराची नळी साडेअठरा मिलिमीटरची. तिचं काडतूस पुण्याजवळ खडकीच्या कारखान्यात होतं, त्यामुळं मिळायला अडचण नाही. आवाज असा, की वरच्या वाडीतली कुत्रीसुद्धा उठायची. पण दस्ता खांद्याला दणका द्यायचा. न धरता आलेल्या माणसाचा खांदा आठ दिवस काळानिळा.

आता तिसरी. तीच खरी या लेखाची.

वडील मुंबईला गिरणीत होते. आमच्या भागातली घरंच्या घरं तशी होती. पुरुष गिरणगावात, बाई शेतावर. वडील गणपतीला आणि मे महिन्यात यायचे. बाकी दहा महिने नांगरट, लावणी, मळणी आणि राखण आईवर. भात पोटरीला आलं की डुकरं उतरायची. एका रात्रीत अर्धा एकर लोळवून जायची. आई माळ्यावर बसायची, पत्र्याचा डबा बडवायची, टेंभा फिरवायची. एकदा तिनं दुनळी उडवली, तर माळ्यावरनं मागं पडली. हाताला लागलं ते लागलंच, वर गावात हसं झालं.

माझा मामा तुरुंगाच्या पहाऱ्यावर होता. त्यानं वडिलांना सांगितलं, "दाजी, आमच्याकडं चारशे दहाची मस्केट असती. तसली बारीक नळीची बघा. बाईमाणसाला झेपंल."

ही मस्केट काय चीज आहे ते मी पुढं वाचून काढलं. लष्करातली थ्री नॉट थ्री रायफल आपल्याला ठाऊक आहे. बंगालमध्ये इशापूरच्या कारखान्यात तसल्या रायफली घेऊन त्यांची नळी आतनं गुळगुळीत करायचे. म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा घालवायच्या. पाच-दहा गोळ्यांची पेटी असते तिथं लाकडाचा ठोकळा बसवायचा. एका वेळी एकच काडतूस. अशी बंदूक पोलिसाला आणि पहारेकऱ्याला द्यायची. बाहेरनं बघणाऱ्याला रायफल वाटावी, पण लांबवर मारा होऊ नये. सत्तावन्नची धास्ती इंग्रजाच्या मनात किती खोल होती, ते त्या लाकडी ठोकळ्यात दिसतं. आपलं राज्य आलं तरी त्या मस्केटी पोलिसांच्या खांद्यावर राहिल्याच.

वडिलांनी १९७४ साली जी बंदूक घेतली ती मस्केट नव्हे. ती जुनी विलायती, वापरलेली, बर्मिंगहॅमच्या वेब्ली अँड स्कॉटची. पण नळीचा आकडा तोच, चारशे दहा. इथं हिशोब बोअरचा नाही, सरळ इंचाचा आहे. नळीचं तोंड पॉइंट चारशे दहा इंच, म्हणजे साधारण साडेदहा मिलिमीटर. बोअरच्या हिशोबानं मांडली तर सदुसष्टच्या आसपास जाईल. बारा बोअरच्या काडतुसात तीस-बत्तीस ग्रॅम छर्रा, तर हिच्या आखूड काडतुसात चौदा-पंधरा ग्रॅम. म्हणजे दणकाही निम्म्याहून कमी. वजनाला दुनळीपेक्षा किलोभर हलकी.

हिला घोडा वर काढून उठवायचा नसतो की नळी मोडायची नसते. उजव्या अंगाला दट्ट्या असतो. त्याची मूठ वर उचलायची, मागं ओढायची, काडतूस आत सरकवायचं, पुढं ढकलायची, खाली पाडायची. झालं. दाराची कडी लावल्यासारखं. आई तिला "कडीची बंदूक" म्हणायची आणि मला वाटतं तिच्याइतकं सोपं नाव कुणी दिलं नसेल. इंग्लंडात असल्या बंदुका बागवाल्यांसाठी असायच्या, उंदीर आणि फळं खाणारी पाखरं मारायला. अमेरिकेत मॉसबर्गसारख्या कंपन्यांनी असल्याच स्वस्त बंदुका शेतकऱ्यांच्या पोरांसाठी काढल्या. मोठ्या शिकाऱ्यांनी तिला कधी हातात धरलं नाही. ती सगळीकडं राखण करणाऱ्यांचीच राहिली.

आमच्या आईनं तिनं एकही जनावर मारलं नाही. १९७२ चा वन्यजीव कायदा आला होता, परवानगीशिवाय मारता येत नव्हतं आणि तिला मारायचंही नव्हतं. तोंड आभाळाकडं करून बार काढायचा. डुकरं डबा ओळखून होती, बाराला पळायची. वडिलांची गिरणी १९८२ च्या संपात गेली, ते कायमचे गावी आले, तोवर आठ वर्षं तिनं अशी शेती राखली. मी आणि माझ्या दोन बहिणी त्या भातावर वाढलो.

आता २०२० कडं येतो.

मुलगा पुण्याला नोकरीला आहे. करोनात घरी आला होता. तो म्हणाला, "बाबा, तिन्ही देऊन टाका. दर निवडणुकीला ठाण्यात नेऊन ठेवायच्या, परत आणायच्या, नूतनीकरणाचे हेलपाटे. कशाला?" मेव्हणे म्हणाले, "दुनळी सोडू नका, मर्दा. उद्या डुकराची परवानगी मिळाली तर काय कडीच्या बंदुकीनं मारणार? आणि तिची काडतुसं तरी कुठं मिळत्यात?" ते खरंच होतं. चारशे दहाचं काडतूस मला गेल्या दहा वर्षांत मिळालेलं नाही. पेटीत शिल्लक चार, तीही हिरवी पडलेली. ठासणीची तर भिंतीला टांगायच्याच लायकीची. शेतकरी म्हणून हिशोब केला तर उत्तर एकच येत होतं. दुनळी ठेवायची आणि उरलेल्या दोनातली एक द्यायची.

आईला विचारलं. तेव्हा ती ब्याऐंशीची. म्हणाली, "माझी बारकी देऊन टाक. आज्ज्याची ठेव आन् कामाची ठेव. माझं काय?"

मीही मनात तेच धरलं होतं. कागद गोळा करायला पेटी काढली. वडिलांचा जुना परवाना सापडला, कापडी पाठीची वही. तिच्यात एक रकाना असतो. परवानेदाराच्या वतीनं हत्यार बाळगणाऱ्या माणसाचं नाव, बापाचं नाव, राहणार. सावकार, इनामदारांच्या पदरी पहारेकरी असत, त्यांच्यासाठी हा रकाना. त्या रकान्यात निळ्या शाईनं आईचं पूर्ण नाव होतं. बापाच्या जागी तिच्या वडिलांचं नाव. पुढं कारकुनानं लिहिलं होतं, "शेतराखण".

वडील एवढं करून गेले होते आणि आम्हाला पत्ता नव्हता. मी सातबारा काढून बघितला. जुन्या उताऱ्यांवर आज्जा, मग वडील, मग मी. ज्या बाईनं आठ वर्षं एकटीनं ती जमीन कसली आणि राखली, तिचं नाव वडील जिवंत असेतोवर एकाही उताऱ्यावर नाही. नंतर लागलं ते वारस म्हणून, आमच्या सगळ्यांच्या गर्दीत. तिच्या कामाची सरकारदरबारी नोंद एकाच ठिकाणी होती, आणि ती बंदुकीच्या परवान्यावर होती.

मी तिला वाचून दाखवलं. तिला वाचता येत नाही. तिनं वही हातात घेतली, रकान्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, "हितं हाय व्हय मी?" मग थोड्या वेळानं म्हणाली, "कचेरीत नेलं हुतं मला एकदा. सगळे हसत हुते. तुझा बा न्हाई हसला."

त्या रात्री माझा हिशोब बदलला. दुनळी कामाची आहे, पण तशी दुनळी कुणालाही परवाना काढून पुन्हा घेता येईल. आज्ज्याची ठासणीची आणि आईची कडीची गेली की गेली. बायकोला सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "आन् भात कोण राखणार?" त्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं, आजही पुरतं नाही.

डिसेंबरात ग्रामपंचायतीच्या निवडणुका लागल्या. आचारसंहिता, म्हणून तिन्ही बंदुका एकदमच ठाण्यात नेल्या. हवालदारांनी प्रत्येकीला दोरीनं चिठ्ठी बांधली. दोन परत न्यायच्या, एक कायमची. ते म्हणाले, "काका, चुकून उलटं सांगताय काय? चांगली दुनळी देताय आणि ही खेळण्यातली ठेवताय." मी म्हटलं, "बरोबर सांगतोय. लिहा."

मतदान १५ जानेवारीला झालं. निकाल लागल्यावर दोन बंदुका घेऊन घरी आलो.

पुढच्याच साली डुकरांनी ओढ्याकडचं घनसाळचं वावर साफ केलं. मेव्हणे मुद्दाम बांधावर येऊन बघून गेले, बोलले काही नाहीत. मी कुंपणाला सौर तार ओढली, कर्ज काढून. ती निम्मं काम करते. उरलेल्या निम्म्यासाठी मी माळ्यावर बसतो आणि डबा बडवतो, आई बसायची तिथंच. कडीची बंदूक घरात तेल लावून ठेवलेली असते. तेल आईच लावते. दिसत नाही तरी कडी उघडते, मागं ओढते, फडकं फिरवते आणि पुन्हा पाडते. तो आवाज आला की मला कळतं, म्हातारी आज बरी आहे.