शालेय इतिहासाची पाठ्यपुस्तके : काय बदलले आणि ते कसे तपासावे?

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही बारावीला इतिहास कोणत्या वर्षी शिकलात? तुमच्या आणि तुमच्या मोठ्या भावंडाच्या पुस्तकात कदाचित फरक असेल. पाच-सात वर्षांत भूतकाळ बदलत नाही, मग पुस्तक का बदलते? या पाठात आपण एनसीईआरटीच्या इतिहास-पुस्तकांच्या आधारे या प्रश्नाचा विचार करणार आहोत.

पार्श्वभूमी

एनसीईआरटीची स्थापना १९६१ साली झाली. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने शिक्षण हा विषय राज्यसूचीतून समवर्ती सूचीत आला. तरीही प्रत्येक राज्याने ही पुस्तके वापरलीच पाहिजेत असे नाही. महाराष्ट्रात बालभारती स्वतंत्र पुस्तके तयार करते, तर काही राज्ये एनसीईआरटीचीच पुस्तके स्वीकारतात.

बदलांचे टप्पे

पहिल्या पिढीची पुस्तके रोमिला थापर, रामशरण शर्मा, सतीश चंद्र, बिपन चंद्र अशा नामवंत इतिहासकारांनी लिहिली. त्यांवरून वादही लवकरच सुरू झाले. शर्मा यांचे प्राचीन भारतावरील पुस्तक १९७७ मध्ये आले आणि जनता सरकारच्या काळात, १९७८ मध्ये, अभ्यासक्रमातून काढले गेले. २००० साली नवा अभ्यासक्रम आराखडा आला. त्याला दिलेले आव्हान सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २००२ मध्ये फेटाळले. २००४ मध्ये केंद्रात सत्ताबदल झाला. त्यानंतर यशपाल यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २००५ चा आराखडा तयार केला आणि त्यावर आधारित पुस्तके आली. २०२२ मध्ये कोविडनंतरचा अभ्यासाचा ताण कमी करण्याचे कारण देऊन या पुस्तकांतील मजकूर वगळण्यात आला. २०२३ मध्ये पुन्हा नवा आराखडा जाहीर झाला.

हा क्रम पाहून ‘सरकार बदलले की पुस्तक बदलते’ असा निष्कर्ष काढावासा वाटेल. तो अगदी खोटा नाही, पण अपुरा आहे. कारण बदल दोन प्रकारचे असतात : एक आशयातला, दुसरा पद्धतीतला.

पद्धतीतला बदल

२००५ नंतरच्या बारावीच्या पुस्तकातील हडप्पा संस्कृतीचे प्रकरण आठवा. मोहेंजोदडो येथे सापडलेल्या सांगाड्यांवरून मॉर्टिमर व्हीलर यांनी १९४७ मध्ये आक्रमणाचा तर्क मांडला होता आणि त्याला ऋग्वेदातील उल्लेखांची जोड दिली होती. पुढे जॉर्ज डेल्स यांनी १९६४ मध्ये हे सांगाडे एकाच काळातले नाहीत, असे दाखवले. पुस्तक ही दोन्ही मते पुराव्यासह समोर ठेवते. ‘काय घडले’ याबरोबरच ‘ते आपल्याला कसे कळते’ हेही विद्यार्थी येथे शिकतो. जुनी पुस्तके विद्वत्तापूर्ण होती, पण त्यांत लेखक सांगे आणि विद्यार्थी ऐके. हा फरक राजकीय वादात सहसा चर्चेला येत नाही.

वगळणे म्हणजे काय गमावणे?

आता मुघल दरबार आणि बखरवजा ग्रंथांवरचे, वगळलेले प्रकरण पाहू. ते गेल्यामुळे मुघल पुस्तकातून पूर्णपणे नाहीसे झाले, असे म्हणणे चूक ठरेल. त्या काळातील शेतकरी आणि जमीनदार यांवरचे प्रकरण राहिले आहे. मात्र ‘अकबरनामा’ आणि ‘बादशाहनामा’ हे ग्रंथ दरबाराने कसे लिहवून घेतले, त्यांतील चित्रे बादशहाची कोणती प्रतिमा उभी करतात, हे त्या प्रकरणात शिकवले जाई. म्हणजेच राज्यकर्त्यांनी लिहवून घेतलेला इतिहास कसा वाचावा, याचा तो धडा होता. आपण गमावला तो हा धडा.

अभ्यासाचे ओझे हे कारणही निराधार नाही. यशपाल समितीने १९९३ मध्येच त्याकडे लक्ष वेधले होते. पण ओझे कमी करताना घटनांची यादी कमी करता येते, तसा पुराव्याचा विचारही कमी करता येतो. दोन्हींचे परिणाम सारखे नाहीत.

निष्कर्ष

म्हणून कोणत्याही बदलाचे समर्थन किंवा विरोध करण्यापूर्वी तीन प्रश्न विचारा. नेमके काय वगळले किंवा वाढवले? त्याचे कोणते कारण दिले? आणि बदलानंतर विद्यार्थ्याच्या हाती पुरावा तपासण्याचे साधन वाढले की घटले? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर तुम्हाला आवडणाऱ्या बदलाच्या बाबतीतही तितक्याच काटेकोरपणे द्या.

स्वाध्याय : एकाच प्रकरणाच्या दोन आवृत्त्या मिळवा, त्या शेजारी ठेवून वाचा आणि वरील तीन प्रश्नांची उत्तरे लिहा.