तारेचा फास आणि पाण्याची उशी

रायपूरचे वैद्यकीय महाविद्यालय १९६३ साली सुरू झाले. त्या काळी मोठ्या आतड्याच्या वरच्या भागात पॉलिप, म्हणजे अस्तरावर वाढलेला मांसांकुर, आढळला तर रायपूर काय आणि न्यूयॉर्क काय, उपाय एकच होता: पोट उघडणे. गुदमार्गाने जाणारी ताठ नळी जेमतेम २५ सेंटिमीटर पोहोचे. पुढचे आतडे बेरियमच्या क्ष-किरण चित्रात छायारूपानेच दिसे. बहुतेक पॉलिप निरुपद्रवी असतात. काहींचा मात्र कालांतराने कर्करोग होतो. या शंकेपायी कित्येकांनी आतड्याचा तुकडा गमावला.

वाट उघडली ती काचेच्या तंतूंनी. पंजाबातील मोगा येथे जन्मलेले नरिंदरसिंग कपानी आणि त्यांचे मार्गदर्शक हॅरोल्ड हॉपकिन्स यांनी १९५४ मध्ये लवचीक तंतूंच्या जुडीतून प्रतिमा नेता येते हे दाखवले. पुढे सप्टेंबर १९६९ मध्ये न्यूयॉर्कच्या बेथ इस्रायल रुग्णालयात हिरोमी शिन्या आणि विल्यम वुल्फ यांनी लवचीक दुर्बिणीतून तारेचा फास सरकवला, पॉलिपच्या देठाभोवती आवळला आणि विजेच्या प्रवाहाने देठ कापला. पोटावर एक टाकाही पडला नाही.

पण देठ असलेला पॉलिप हा सोपा पॉलिप. खरी कसोटी सपाट, पसरट पॉलिपची. आतड्याची भिंत अवघी काही मिलिमीटर जाड. फास किंचित खोल गेला की भोक पडते. १९७३ मध्ये डायले आणि सहकाऱ्यांनी मोठ्या आतड्यासाठी सुचवलेला उपाय विलक्षण साधा होता: अस्तराखाली मिठाचे पाणी टोचायचे. पाण्याची उशी तयार होते, पॉलिप उचलला जातो, स्नायूंचा थर खाली सुरक्षित राहतो.

मोठा पॉलिप फासाने तुकड्यातुकड्यांनीच निघतो, आणि कडेला उरलेले कण पुन्हा वाढतात. जपानी वैद्यांनी सूक्ष्म सुरीने अखंड पॉलिप सोलून काढण्याची, वेळखाऊ पण नेटकी, पद्धत विकसित केली. ऑस्ट्रेलियातील उत्तर अधिक सुटसुटीत होते: कापल्यावर जखमेची कड फासाच्या टोकानेच हलकी भाजायची. २०१९ च्या अभ्यासात पुन्हा उगवण्याचे प्रमाण त्यामुळे २१ टक्क्यांवरून ५.२ टक्क्यांवर आले.

अवघड पॉलिपचा सर्वांत मोठा शत्रू मात्र अर्धवट प्रयत्न हाच. एकदा थोडासा कापून सोडला की व्रण धरतो, थर चिकटतात आणि पाणी टोचूनही पॉलिप उचलत नाही. म्हणून छायाचित्र घ्यावे, थोडे अंतर राखून शाईची खूण करावी (शाई पॉलिपखाली पसरली तर तिनेही थर चिकटतात) आणि रुग्णाला अनुभवी हातांकडे पाठवावे, हा आजचा संकेत. रायपूरला २०१२ पासून एम्स आहे. जगदलपूरहून तेथे येणाऱ्या रुग्णाला तीनशे किलोमीटर कापावे लागतात. पहिल्या ठिकाणी डॉक्टरांनी हात आवरला असेल, तरच तो प्रवास पुरता सार्थकी लागतो.